स्टेल्वियोच्या अठ्ठेचाळीस वळणांचा दिवस: स्वित्झर्लंडमधून इटलीत आणि परत, स्वतः गाडी चालवत

टूर कंपनीच्या बसमधून स्वित्झर्लंड पाहिलेली मराठी माणसं आता दुसऱ्या खेपेला स्वतः गाडी घेऊन जायचं म्हणतात. म्युनिक, श्टुटगार्ट, झुरिकला नोकरीसाठी राहणाऱ्यांकडे आईबाबा येतात, तेव्हाही हाच प्रश्न निघतो: एका दिवसात आल्प्सचा खरा घाट दाखवायचा, तर कुठे न्यायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला झेर्नेत्स नावाचं गाव आहे. तिथून निघायचं, ओफेन खिंड ओलांडून इटलीत उतरायचं, स्टेल्वियोचा घाट चढायचा, आणि उंब्राइल खिंडीतून पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये यायचं. साधारण १३५ किलोमीटरचं हे वर्तुळ आहे. नकाशावर दोन-अडीच तासांचं वाटतं, पण त्याला अख्खा दिवस द्या.

एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यापेक्षा हे वर्तुळ बरं. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की भाडं भरमसाट वाढतं. शिवाय बॅगा मुक्कामी राहतात, त्यामुळे गाडी हलकी असते. आणि हवामान बिघडलंच, तर अर्ध्यातून परत फिरता येतं.

१. आधी महिना ठरवा, मग विमानाचं तिकीट

स्टेल्वियो २,७५७ मीटर उंचीवर आहे. पक्क्या रस्त्यांच्या खिंडींमध्ये आल्प्समध्ये त्याच्यापेक्षा उंच फक्त फ्रान्समधली इझरान. एवढ्या उंचीवर बर्फ लवकर पडतो आणि उशिरा वितळतो. स्टेल्वियो आणि उंब्राइल दोन्ही साधारण नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत, कधी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, बंद असतात. मुलांची मे महिन्याची सुट्टी धरून जाणाऱ्यांना म्हणूनच हा घाट मिळत नाही. त्यांनी वर्षभर उघडी असणारी ओफेन खिंड करावी आणि स्टेल्वियोचा हट्ट सोडावा.

जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर सर्वांत चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये जावं लागलं, तर शनिवार-रविवार टाळा. त्या दिवसांत मोटरसायकलींचे तांडेच्या तांडे येतात आणि सायकलस्वारही शेकड्यांनी असतात. उन्हाळ्याच्या शेवटाकडे एक दिवस असाही असतो, जेव्हा हा घाट फक्त सायकलींसाठी राखून मोटारींना बंद करतात. त्या वर्षीची तारीख आधी पाहून घ्या. भर जुलैतही एका रात्रीत बर्फ पडून रस्ता काही तास बंद होऊ शकतो, त्यामुळे शक्य असेल तर झेर्नेत्सला दोन रात्री ठेवा. पहिला दिवस हुकला तर दुसरा हाताशी राहतो.

२. भारतातून निघण्यापूर्वी: कागदपत्रं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तो परदेशात गेल्यावर सुटत नाही. इतकं जमवा:

- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी २००८ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे इटलीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. या सीमेपुरता एकदाच प्रवेश देणारा व्हिसाही चालतो.
- युरोपात राहत असाल, तर रहिवासी कार्ड आणि त्याच्याबरोबर पासपोर्टही. नुसतं कार्ड खिशात टाकून निघू नका.
- मूळ भारतीय वाहन परवाना, ज्याची मुदत संपलेली नाही.
- आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी. तो आरटीओ देतं. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर, फॉर्म ४-ए, शुल्क १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष.
- गाडी भाड्यानं घेणाऱ्याच्या, म्हणजे मुख्य चालकाच्या, नावाचं क्रेडिट कार्ड.
- गाडीचा भाडेकरार आणि सीमा ओलांडायची लेखी परवानगी.
- प्रवास विमा.

आयडीपीबद्दल थोडं सविस्तर, कारण यावर उलटसुलट ऐकायला मिळतं. स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकाचा इंग्रजीतला भारतीय परवाना चालतो, हे खरं आहे. पण इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या परवान्याबरोबर आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर लागतं. आपण एकाच दिवसात दोन्ही देशांत असणार, म्हणजे आयडीपी हवाच. आयडीपी एकटा काही कामाचा नाही. मूळ परवाना सोबत असेल तरच त्याला किंमत. आणि तो परदेशातून काढायचा विचार करू नका, निघण्याच्या महिनाभर आधी आरटीओचं काम उरकून घ्या.

३. गाडी कशी घ्यावी

झुरिक विमानतळावर निवड सर्वांत जास्त असते. तिथून गाडी घ्या, पण विमानातून उतरल्या दिवशी घाटात शिरू नका. झोप अर्धवट झालेली असते आणि हात अजून डावीकडच्या वाहतुकीचे असतात. त्या दिवशी सपाटीवर, कूरपर्यंत किंवा फार तर दावोसपर्यंत जा.

गाडी छोटी घ्या. नऊ जणांची व्हॅन घेऊन सगळ्यांनी एकत्र जायचा मोह होतो, पण स्टेल्वियोच्या वळणांवर लांब गाडी वळवणं हे सवयीच्या चालकाचं काम आहे. दोन लहान गाड्या परवडल्या. ऑटोमॅटिक गिअर हवा असेल, तर आरक्षण करतानाच ते लिहिलेलं आहे ना, हे पाहा. युरोपात नुसती 'गाडी' मागितली की हातानं गिअर टाकायची मिळू शकते, आणि तिचा गिअर उजव्या हाताला असतो.

आरक्षणाच्या वेळी तीन गोष्टी लेखी विचारा. एक, ही गाडी इटलीत नेली तर चालेल का? दोन, दुसऱ्या चालकाचं नाव घालायला किती पैसे? घाटात चालक बदलता येणं फार उपयोगाचं आहे. तीन, विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग धरला आहे का? बहुतेक साध्या विम्यांत हे तिन्ही वगळलेले असतात, आणि घाटात नेमकं यांनाच लागतं.

तुम्ही जर्मनीत किंवा युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात राहत असाल, तर स्विस पाटीची भाड्याची गाडी संघाच्या हद्दीत नेण्यावर कस्टम्सचे वेगळे निर्बंध लागू होतात. भारतातून आलेल्या पर्यटकाला ही अडचण येत नाही. राहणाऱ्यांनी मात्र कंपनीला आपला पत्ता सांगून परवानगी घ्यावी, किंवा सरळ आपल्याच देशातून गाडी घेऊन यावं.

स्विस महामार्गांसाठी विन्येत, म्हणजे टोल भरल्याचं स्टिकर, लागतं. ते ४० फ्रँकचं असतं आणि वर्षाचंच मिळतं, एका दिवसाचं नाही. स्विस भाड्याच्या गाडीवर ते बहुधा असतंच, तरी काचेवर नजर टाका किंवा काउंटरवर विचारा. परदेशी गाडी असेल तर ऑनलाइन ई-विन्येत घेता येतं. विन्येतशिवाय पकडले गेलात तर २०० फ्रँक दंड आणि विन्येतचे पैसे वेगळे. आपल्या वर्तुळात महामार्ग नाही, पण झुरिकहून इकडे येताना लागतो.

४. झेर्नेत्सला पोहोचणं

दावोसहून फ्लुएला खिंड (२,३८३ मीटर) ओलांडून सूशला उतरायचं आणि तिथून झेर्नेत्स अगदी जवळ. फ्लुएला हा सरावाचा उत्तम घाट आहे: रस्ता रुंद, वळणं सौम्य, माथ्यावर दोन तळी. दुसऱ्या दिवशी जे करायचं आहे त्याची रंगीत तालीम इथे होते. ज्यांना हाही नको, त्यांनी क्लोस्टर्सजवळच्या सेल्फ्रांगाहून गाडी रेल्वेवर चढवावी. १९९९ मध्ये सुरू झालेल्या वेराइना बोगद्यातून गाडीत बसल्या बसल्या पलीकडच्या सालियाइन्सला पोहोचता येतं.

झेर्नेत्सला संध्याकाळी तीन कामं उरका. टाकी भरून घ्या, कारण वर घाटात पंप नाही. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा. आणि गावाबाहेर खिंडींच्या स्थितीचे फलक असतात ते वाचा: हिरवं म्हणजे उघडी, लाल म्हणजे बंद.

फोनचं एक सांगायचं राहिलं. युरोपीय संघातल्या सिमकार्डाचं मोफत रोमिंग स्वित्झर्लंडमध्ये लागू असतंच असं नाही. सीमेवर फोन कधी या देशाचं, कधी त्या देशाचं नेटवर्क पकडतो आणि बिल वाढतं. तुमच्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड नसेल, तर दिवसभर डेटा बंद ठेवा.

५. नेव्हिगेशनला फक्त 'स्टेल्वियो' सांगू नका

हा या सहलीतला सर्वांत मोठा सापळा. झेर्नेत्सहून नुसतं स्टेल्वियो टाकलंत, तर यंत्र तुम्हाला ओफेनपलीकडच्या सांता मारिया या स्विस गावाहून उंब्राइलमार्गे वर नेईल, कारण तोच जवळचा रस्ता. मग ती अठ्ठेचाळीस वळणं तुम्ही उतरताना पाहणार. मी सगळ्यांना उलट सांगतो: पायथ्याच्या प्राटो या इटालियन गावाच्या बाजूनं चढा आणि उंब्राइलच्या बाजूनं उतरा. चढताना वेग आपोआप कमी असतो आणि ब्रेक तापत नाहीत. ऑर्टलर शिखराच्या हिमनद्या समोर आणि डाव्या हाताला राहतात. शिवाय उंब्राइलचा उतार जेमतेम १३-१४ किलोमीटरचा, प्राटोच्या बाजूचा पंचवीसच्या आसपास. नवख्या चालकाला उतार जितका कमी तितका बरा.

त्यामुळे थांबे या क्रमानं टाका: झेर्नेत्स, ओफेन खिंड, म्युस्टेअर, ग्लोरेंझा, प्राटो, स्टेल्वियो, उंब्राइल, सांता मारिया, झेर्नेत्स.

गावांना दोन-दोन नावं आहेत हेही लक्षात ठेवा. इटलीचा हा भाग म्हणजे दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धापर्यंत तो ऑस्ट्रियाचा होता आणि लोक आजही घरात जर्मन बोलतात. पाट्यांवर ग्लोरेंझा आणि ग्लुर्न्स, प्राटो आणि प्राद, स्टेल्वियो आणि श्टिल्फसर योख अशी दोन्ही नावं दिसतील. सीमेपलीकडचं पहिलं गाव टाउफर्स, इटालियनमध्ये टुब्रे. पण याच प्रांतात पूर्वेला दुसरं एक टाउफर्स आहे, ते कित्येक तासांवर. सांता मारिया नावाची गावं तर आल्प्सभर आहेत. म्हणून 'सांता मारिया वाल म्युस्टेअर' असं पूर्ण नाव द्या.

६. सकाळी साडेसातला निघा

झेर्नेत्सहून ओफेन खिंडीकडे जाणारा रस्ता स्विस राष्ट्रीय उद्यानातून जातो. १ ऑगस्ट १९१४ रोजी स्थापन झालेलं हे आल्प्समधलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. इथे शंभराहून अधिक वर्षं झाड पडलं तरी कुणी उचलत नाही, गवत कुणी कापत नाही. रस्त्याकडेला क्रमांक दिलेल्या पार्किंगच्या जागा आहेत, तिथेच थांबा. पायवाट सोडून जायची परवानगी नाही, आणि फूलच काय, पडलेलं शंकूफळही उचलायचं नाही. १९९१ पासून या उद्यानात दाढीवाली गिधाडं पुन्हा सोडण्यात आली. दुर्बीण असेल तर आकाशावर लक्ष ठेवा.

वाटेत लिविन्योकडे जाणारा एकेरी बोगदा लागेल. त्यात शिरू नका. त्याला टोल आहे आणि तो आपल्या वाटेचा नाही.

ओफेन खिंड, रोमान्श या इथल्या भाषेत पास दाल फुओर्न, २,१४९ मीटरवर. इथे पंधरा मिनिटं पुरेत. पलीकडे उतरलं की म्युस्टेअरचं खोरं सुरू होतं. तिथला मठ खुणावेल, पण सकाळी थांबू नका, तो दुपारसाठी ठेवलाय.

म्युस्टेअर संपलं की सीमा. चौकीवर गाडी हळू करा, काच खाली घ्या, अधिकाऱ्यानं हात केला तर थांबा. बहुतेक वेळा तो जा म्हणून खुणावतो. शेंगेनमुळे पासपोर्ट रोज तपासत नाहीत, पण स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या कस्टम्स व्यवस्थेत नाही, त्यामुळे सामान तपासायचा त्यांना हक्क आहे. पासपोर्ट हाताशी हवेत, डिकीच्या तळाशी नकोत.

७. ग्लोरेंझाला कॉफी

तटबंदी शाबूत असलेलं हे इवलंसं शहर. जेमतेम नऊशे-हजार माणसं आत राहतात. १४९९ मध्ये जवळच काल्वेनची लढाई झाली, त्यात ग्लोरेंझा बेचिराख झालं. आताची तटबंदी त्यानंतरची. गाडी तटाबाहेरच लावा. इटलीत अनेक जुन्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि तिथे कॅमेरे असतात. दंडाचं पत्र भाड्याच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येतं, वर कंपनीचं स्वतःचं शुल्क लागतं.

पार्किंगच्या रेषांचे रंग दोन्ही देशांत वेगळे. इटलीत पांढरी रेषा म्हणजे सहसा मोफत, निळी म्हणजे पैसे भरून. स्वित्झर्लंडमध्ये निळ्या रेषेत वेळेची निळी तबकडी काचेमागे ठेवून थांबतात, आणि पांढऱ्या रेषेत बहुधा पैसे भरावे लागतात. पिवळी रेषा दोन्हीकडे राखीव समजा.

अर्धा तास थांबा, सगळ्यांना स्वच्छतागृहात जाऊन येऊ द्या, आणि ज्यांना गाडी लागते त्यांना आत्ताच गोळी द्या. पुढचा तासभर सोयीची जागा कमी.

८. चढ: अठ्ठेचाळीस वळणं

प्राटो समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरवर. माथा २,७५७. म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये अठराशे मीटर वर जायचं. हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात बांधला, अभियंता कार्लो दोनेगानी. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर उत्तर इटलीतलं लोंबार्दी ऑस्ट्रियाच्या ताब्यात आलं होतं, आणि सम्राटाला तिथे सैन्य नेण्यासाठी आपल्याच मुलखातून जाणारी वाट हवी होती. तोफा ओढणाऱ्या घोड्यांच्या बेतानं चढ आखला, म्हणून वळणं इतकी. दगडावर प्रत्येक वळणाचा आकडा आहे, खाली ४८ आणि माथ्याशी १. मुलांना आकडे मोजायचं काम द्या, रडारड कमी होते.

गोमागोई, ट्राफोई या गावांपर्यंत रस्ता सोपा आहे, मग झाडी, आणि झाडी संपली की फ्रान्झेन्सहोएह या जुन्या विश्रामस्थानाजवळ समोर उभी भिंत दिसते. तिच्यावर एकावर एक वळणं रचलेली. डावीकडे ३,९०५ मीटरचा ऑर्टलर. योसेफ पिखलर १८०४ मध्ये त्यावर पहिल्यांदा चढला.

आता चालवण्याबद्दल. ताम्हिणी किंवा आंबोली चालवलेल्या माणसाला घाटाची भीती नसते, पण इथे सवय आरशातल्यासारखी उलटते. आपल्याकडे चढताना डावीकडचं वळण आतलं, घट्ट आणि तीव्र चढाचं. इथे उजवीकडचं. ते सांभाळायची रीत अशी:

वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच, वेग कमी करून पहिला गिअर टाका. वळणाच्या मध्यात गिअर बदलायला गेलात, तर गाडी बंद पडून मागे येते. ऑटोमॅटिकमध्ये हाती गिअर निवडायची सोय असेल तर ती वापरा.

वळणात शिरण्यापूर्वी मान वर करून वरचा रस्ता पाहा. झाडी संपल्यावर पुढची दोन-तीन वळणं स्पष्ट दिसतात. बस किंवा कॅम्पर येताना दिसली, तर वळणाच्या अलीकडे उजवीकडे थांबा. तिला वळायला रस्त्याची पूर्ण रुंदी लागते. ती गेल्यावर निघा. मागचा कुणी हॉर्न वाजवला तरी थांबाच.

उजवीकडच्या वळणात थोडं बाहेरून शिरावं लागतं, पण मधली रेषा ओलांडू नका. वरून येणारे मोटरसायकलवाले नेमके त्याच रेषेला घासून येतात.

सायकलस्वाराला ओलांडायचं ते फक्त सरळ रस्त्यावर, निदान दीड मीटर अंतर सोडून. वळणात कधीही नाही. तो वळणात अचानक बाहेर झुकतो, कारण आतला चढ त्याला झेपत नाही. १९५३ मध्ये जिरो द'इतालिया ही इटलीची मोठी सायकल शर्यत पहिल्यांदा या घाटात आली आणि फाउस्तो कोप्पीनं इथेच शर्यत फिरवली. तेव्हापासून सायकलवाल्यांसाठी ही पंढरी आहे. त्यांच्यामागे दोन मिनिटं हळू जाण्यात काही कमीपणा नाही.

मागे रांग लागली, तर रुंद जागा दिसताच बाजूला व्हा आणि सगळ्यांना जाऊ द्या. मग पुढचा रस्ता निवांत मिळतो. चालकाला दृश्य पाहायचं असेल तर त्यानं गाडी थांबवूनच पाहावं. दर आठ-दहा वळणांनी थांबायला जागा मिळतेच.

९. माथ्यावर

साडेदहाच्या आत पोहोचलात तर गाडी लावायला जागा मिळते. नंतर कठीण. माथ्यावर हॉटेलं, टोप्या-बिल्ल्यांची दुकानं आणि सॉसेजच्या टपऱ्यांची गर्दी आहे, ती पाहून निराश होऊ नका. दहा मिनिटं चालून तिबेट हटकडे जा. चढून आलेली सगळी वळणं तिथून पायाखाली दिसतात.

त्याहून मला प्रिय जागा दुसरी. खिंडीच्या उत्तरेला एक पायवाट वीसेक मिनिटांत द्रायश्प्राखेनश्पित्से या २,८४३ मीटरच्या शिखरावर जाते. १९१८ पर्यंत स्वित्झर्लंड, इटली आणि ऑस्ट्रिया इथे एकमेकांना भिडत होते. रोमान्श, इटालियन आणि जर्मन बोलणारे मुलूख या एका टेकाडावर मिळतात. महायुद्धात ऑस्ट्रिया आणि इटलीचे सैनिक या परिसरात बर्फात समोरासमोर होते आणि मधल्या कोपऱ्यात तटस्थ स्विस पहारा देत होते. खंदकांच्या खुणा अजून आहेत.

प्राटोपेक्षा इथे दहा-बारा अंशांनी गार असतं. खाली टी-शर्टवर असलेल्या माणसाला इथे जाकीट, कानटोपी लागते. हवा विरळ असल्यानं आजी-आजोबांना चालताना धाप लागू शकते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा आणि वर घाई करू नका. डोकं दुखू लागलं तर पाणी प्या आणि खाली उतरा, हाच उपाय.

शाकाहारींनी डबा आणावा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या, सगळं गारठ्यात छान लागतं. इटलीच्या बाजूला युरो चालतात, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी थोडे युरो सुटे ठेवा.

१०. उतार: इथे खरी परीक्षा

माथ्यावरून बोर्मियोच्या दिशेनं तीनेक किलोमीटर खाली आलं की उजवीकडे उंब्राइलचा फाटा. फाटा चुकला तर तुम्ही बोर्मियोला उतराल, म्हणून पाटीवर लक्ष ठेवा. उंब्राइल २,५०१ मीटरवर आहे, स्वित्झर्लंडमधली सर्वांत उंच पक्की खिंड. तिचा शेवटचा कच्चा तुकडा २०१५ मध्ये डांबरी झाला. रस्ता अरुंद आहे, बऱ्याच ठिकाणी मधली रेषाच नाही. पण गर्दी फार कमी.

ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा: दुसरा, आणि वळणांवर पहिला. ऑटोमॅटिकमध्ये 'डी' वर ठेवून उतरणं ही सर्वांत नेहमीची चूक. 'एम', 'एस' किंवा 'एल' निवडा, हायब्रिडमध्ये 'बी'. गाडी स्वतःच ओढ धरते. ब्रेक लागलाच तर ठामपणे दाबा आणि सोडा, सतत टेकवून ठेवू नका. जळका वास आला किंवा पायाखाली ब्रेक मऊ लागला, तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास गार होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका.

अरुंद जागी समोरून गाडी आली, तर चढणाऱ्याला आधी वाट, हा आपल्याकडचाच नियम. उतरणाऱ्यानं मागे घ्यायचं. फक्त चढणाऱ्याच्या अगदी जवळ रुंद जागा असेल, तर तो थांबतो. जड गाडीला हलकीपेक्षा प्राधान्य.

निळ्या पाटीवर पिवळी तुतारी दिसली, तर तो डोंगरी टपाल-बसचा रस्ता. पिवळी बस आंधळ्या वळणाआधी तीन सुरांचा हॉर्न देते. हे सूर रोसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेराच्या सुरावटीतून घेतले आहेत. ऐकू आले की अलीकडेच थांबा. चालक हातानं सांगेल तसं करायचं, तो म्हणाला मागे घ्या, तर मागे घ्यायचं. अशा रस्त्यावर त्याचा शब्द कायद्यानं बंधनकारक आहे.

११. दुपार म्युस्टेअरच्या मठात

सांता मारियाला जेवा, आणि मग चार किलोमीटर मागे म्युस्टेअरला जा. सेंट जॉनचा हा मठ आठव्या शतकाच्या शेवटी उभा राहिला. स्थापनेचं श्रेय परंपरा सम्राट शार्लमेनला देते. आतल्या भिंतींवर सुमारे इ.स. ८०० ची चित्रं आहेत, काही जागी त्यांच्यावर बाराव्या शतकाच्या अखेरीचा दुसरा थर. ती कित्येक शतकं चुन्याखाली झाकलेली होती, विसाव्या शतकात उघडी केली गेली. १९८३ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे आणि बेनेडिक्टाइन साध्वी आजही तिथे राहतात. अजिंठ्याच्या भिंतींवर प्रेम असणाऱ्या माणसानं इथे तासभर तरी द्यावा. आत आवाज खाली ठेवा, फ्लॅश वापरू नका.

गावातल्या बेकरीत एंगाडिनची अक्रोडाची गोड 'नुसटोर्टे' मिळते. ती आठवडाभर टिकते, घरी न्यायला चांगली.

इटलीत खरेदी केली असेल, तर स्वित्झर्लंडमध्ये शिरताना माणशी १५० फ्रँकपर्यंतच्या मालावर कर नाही. २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०० होती, त्यामुळे जुन्या माहितीवर जाऊ नका.

१२. गाडीत काय हवं, आणि वेगाचे नियम

त्रिकोणी इशारा-फलक दोन्ही देशांत सक्तीचा, तो डिकीत सामानाखाली दडलेला नको. इटलीत रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर गाडीतून उतरताना चमकणारं जाकीट घालावं लागतं. १५० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलांना योग्य आसन. मांडीवर बसवणं चालत नाही, आजीच्या सुद्धा. दिवसाही दिवे चालू ठेवा.

वेग: गावात दोन्हीकडे ५०, गावाबाहेर स्वित्झर्लंडमध्ये ८० आणि इटलीत ९०. घाटात तुम्ही तिथवर पोहोचणारच नाही, पण गावातल्या ५० वर कॅमेरे असतात आणि स्विस दंड जबर आहेत. स्वित्झर्लंडमध्ये कॅमेऱ्यांची आगाऊ सूचना देणारी यंत्रं आणि ॲप वापरणंच बेकायदा आहे, त्यामुळे नेव्हिगेशनमधली ती सोय बंद करा. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गोल चौकात उजवीकडे वळून शिरायचं आणि आत असलेल्यांना प्राधान्य. दारूची मर्यादा दोन्हीकडे ०.५ प्रति हजार, पण या रस्त्यावर चालकानं थेंबही घेऊ नये.

मदतीसाठी ११२ दोन्ही देशांत चालतो. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिका १४४, पोलीस ११७, हवाई बचाव १४१४. हे आकडे कागदावर लिहून गाडीत ठेवा, कारण फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास म्युस्टेअरहून निघालात, तर उजेडातच ओफेन खिंड पार करून साडेसहाच्या आत झेर्नेत्सला पोहोचता. या वेळी हरणं रस्त्यावर येतात, म्हणून उद्यानाच्या भागात साठच्या वर जाऊ नका.